हरणीचा मोनोग्राम

साळवेमामांनी मला एकदाही ‘बाई, तुमचं चुकलं’ असं म्हटलं नाही. शाळेतले सगळे ह्याला त्यांचा मोठा गुण समजत. मीही समजायची. आता निवृत्त होऊन घरी बसल्यावर तो गुण मला अधूनमधून आठवतो, आणि आठवला की हातातलं काम तसंच राहतं.

केडगावच्या आमच्या हायस्कुलात ते प्रयोगशाळेत परिचर होते. परिचरांना मामा म्हणायची पद्धत सगळ्याच शाळांत असते, पण साळवेमामा हेडसरांचेही मामा होते आणि हेडसरांच्या सासूबाई एकदा शाळेत आल्या तेव्हा त्यांचेही झाले. उंच माणूस, पाठीत किंचित वाकलेला. खाकी शर्टाच्या खिशात दोन ब्रश कायम, एक चपटा आणि एक अगदी चार केसांचा. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची नावं ते छापील चिठ्ठ्यांनी चिकटवत नसत, ऑइलपेंटनं रंगवत. सल्फ्युरिक ॲसिडच्या बाटलीला लाल किनार, दोन्ही बाजूंना एकेक कमळ. विषारी म्हणून जी बाटली होती तिच्यावरच्या कवटीला त्यांनी मिशा काढल्या होत्या. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “हे काय ट्रकचं मडगार्ड आहे का?” मामा नम्रपणे म्हणाले, “व्हय साहेब, सवय हाय हाताला. पर एक सांगतो, ही बाटली चुकून कुनी उचलत न्हाई.” साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं मला ठाऊक नाही. मिशा मात्र राहिल्या.

मी नोकरीला लागले तो पहिला आठवडा. बी.एस्सी. पहिला वर्ग, पुण्याची पदवी, नाक वर. नववीसमोर प्रात्यक्षिक दाखवताना घाईघाईत मी तीव्र ॲसिड असलेल्या चंचुपात्रात पाणी ओतायला निघाले. शाळकरी पोरालाही कळेल अशी चूक. एवढ्यात मामा दारातून म्हणाले, “बाई, हेडसरांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता.” मी पात्र तसंच ठेवून बाहेर गेले. व्हरांड्यात हेडसर नव्हते, कुणीच नव्हतं. मामा मागून आले आणि खाली बघत म्हणाले, “पान्यात ॲसिड, बाई. ॲसिडात पानी न्हाई. तुमाला ठाऊकच हाय. पोरांम्होरं कसं बोलू?”

पुढं मला कळलं की शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला हेडसरांनी असं एकदा तरी बोलावलेलं होतं. खुद्द हेडसर तास घेत तेव्हा त्यांना संस्थेच्या चेअरमनचा फोन यायचा.

चार लोकांत कुणाला खाली बघायला लावायचं नाही, हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा हात. वस्तू जागेवर ठेवण्याआधी ती तळहातावर घेऊन क्षणभर तोलायची. मोरचूद काढून द्यायचे आणि म्हणायचे, “पंचवीस गिराम असंल.” मी मुद्दाम तराजूत घालायची. इकडे तिकडे एखादा ग्रॅम. “तराजू बघा की जरा बाई, तेल पाहिजे त्याला,” असं वर म्हणायचे. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

हा हात त्यांना ट्रकनं दिला होता. शाळेत यायच्या आधी साळवेमामा श्रीगोंद्याकडे उसाच्या गाडीवर होते. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. त्यांना गाडी शिकवली करीमभाईंनी. मामा त्यांचं नाव कधी घेत नसत. ‘उस्ताद’ म्हणत आणि म्हणताना कानाच्या पाळीला बोट लावत. मणक्यानं दगा दिला तेव्हा मामांनी गाडी सोडली आणि शाळेत लागले. काही वर्षांनी मालकानं ती जुनी, लांब नाकाची लॉरी मोडीत काढायचं ठरवलं, तर उस्तादांनी मालकाच्या ओट्यावर दिवसभर बसून ती साळव्यांसाठी मागून घेतली. तेव्हापासून ती केडगावात मामांच्या घराशेजारी, लिंबाखाली उभी असायची. आठवड्यातून एकदा तिचं इंजिन चालू करून मामा शेजारी उभे राहून ऐकत. वर्षातून एकदाच ती रस्त्यावर निघे, दसऱ्याला.

त्या गाडीच्या नाकावर, जाळीच्या वर, तिच्या कंपनीचा बिल्ला होता. ट्रकवाल्या लोकांत त्याला मोनोग्राम म्हणतात. एका चाकावरून उडी घेणारं हरीण आणि खाली इंग्रजी अक्षरं. कंपनी केव्हाच बुडाली होती, पण हरणावरून गाडीचं नाव पडलं ते पडलंच. हरणी. दर दसऱ्याला उस्ताद ह्या मोनोग्रामला स्वतःच्या हातानं रंग द्यायचे. लाल जमीन, पांढरं हरीण, काळी अक्षरं. जुना रंग कधीही खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा. मामा गाडी घेऊन आले तसा हा मान त्यांच्याकडे आला.

मामांचं घर बौद्ध. दसऱ्याच्या सकाळी पांढरे कपडे घालून विहारात वंदना, मग घरी येऊन गाडी धुवायची, रंगवलेला मोनोग्राम पुसायचा आणि हरणी काढून थेट श्रीगोंदा. मी एकदा विचारलं, “मामा, मग तुम्ही गाडीची पूजा करता?” “पूजा न्हाई बाई. उस्तादला भेटायचं. त्यो नमाज पडून बसलेला आसतो, मी वंदना करून जातो. मधी हरनी.” एवढं सांगून ते हसले.

उस्तादांचे डोळे काचबिंदूनं गेले होते. गाडीचा आवाज गल्लीत शिरला की ते काठी टाकून भिंतीला धरत बाहेर येत आणि पहिलं काम म्हणजे मोनोग्रामवर हात फिरवणं. हरणाचं तोंड, शिंगं, उचललेले दोन पाय, मागचे दोन पाय, मग एकेक अक्षर. त्यांच्यासाठी गाडी तेवढीच उरली होती. पण रंगावर रंग चढून हरणाचा लाडू होत चालला होता. ज्या वर्षीची ही गोष्ट त्याच्या आदल्या दसऱ्याला उस्ताद बराच वेळ बोटं फिरवत राहिले आणि म्हणाले, “साळव्या, हरनी कुटं गेली रं?”

हे मामांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्यांनी ठरवून टाकलं होतं. ह्या वर्षी मोनोग्राम काढायचा, सगळे थर उतरवायचे, खालचं हरीण मोकळं करायचं आणि पातळ, एकाच हाताचा रंग द्यायचा. उस्तादांच्या बोटांना पाय लागले पाहिजेत. म्हातारा माणूस, किती दसरे राहिले कुणी सांगावं.

सप्टेंबरात एका दुपारी ते पंचात गुंडाळलेला मोनोग्राम घेऊन स्टाफरूममध्ये आले. घटक चाचणीचे पेपर माझ्यापुढे पसरलेले, आजूबाजूला सहा-सात जण चहा पीत बसलेले. मामा म्हणाले, “बाई, ब्लेडनं खरवडून बघितलं. पर हरनाच्या अंगावर बारीक रेघा हायेत केसांच्या, त्या जातील. रंग तेवढा खाईल आन धातूला हात लावनार न्हाई, असं काय हाय का?”

मी मान वर न करता म्हटलं, “कॉस्टिक सोडा. कडक द्रावण करा, दोन तास बुडवून ठेवा. सालीसारखा रंग निघेल.”

“ॲल्युमिनियम आसलं तर कॉस्टिक खातं ना पर?”

“ॲल्युमिनियम असलं तर. हे पितळ आहे.” एका कोपऱ्यात टवका उडाला होता आणि तिथं पिवळं दिसत होतं. ते मी बोटानं दाखवलं. “जुन्या गाड्यांची पितळेचीच असतात.” हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी ते त्या क्षणी तयार केलं.

मामांनी मोनोग्राम तळहातावर घेतला. तोलला. मी ते पाहिलं. एवढ्या वर्षांत जे हजारदा पाहिलं होतं तेच पाहिलं आणि पुन्हा पेपरात मान घातली. ते हळूच म्हणाले, “पान्यात सोडून वजन करून बघू का एकदा?”

“मामा, नववीच्या पोरांचा प्रयोग आता माझ्यावर करणार का?”

सगळे हसले. मामाही हसले. पंचा पुन्हा नीट गुंडाळला आणि गेले. हेडसरांनी मला त्या वेळी बोलावलं नाही. बोलावून उपयोग नव्हता. समोर सहा-सात जण होते आणि प्रश्न त्यांच्या स्वतःच्या वस्तूचा होता. स्वतःसाठी मामा कधी कुणाला व्हरांड्यात नेत नसत.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनीच बोलावलं होतं, “बाई हायेत म्हनल्यावर मला घोर न्हाई.” अंगणात प्लॅस्टिकचा टब, हातात शाळेतले रबरी मोजे. मामांनी मोनोग्राम द्रावणात सोडला, लहान बाळाला अंघोळीला सोडतात तसा दोन्ही हातांनी. सुमनताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आम्हाला खुर्च्या दिल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मामा उस्तादांच्या गोष्टी सांगू लागले. घाटात ब्रेक गेल्यावर उस्तादांनी कसा पहिला गिअर टाकून, शिव्या न देता, बिडी न विझू देता गाडी खाली आणली. उस्तादांचं एकच म्हणणं, घाई करणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही. मामांनी पहिल्या वर्षी घाईत गाडीच्या मागचा फाळका नीट लावला नाही म्हणून त्यांना श्रीगोंद्यापासून कारखान्यापर्यंत चालत आणलं होतं. “त्यानंतर मला घाईचा शब्द कदी ऐकावा लागला न्हाई,” मामा म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या माणसाचा होता.

तास होत आला तेव्हा रंगाला फोड आले, साली सुटू लागल्या. मी खूश झाले. मग फेस आला. बारीक, भराभर वर येणारे बुडबुडे, आणि टबावर वाफ. मामा उठले. “बाई, तापलाय टब.”

“रंग सुटतोय, फेस येणारच. बसा.”

ते बसले. थोड्या वेळानं पुन्हा उठले. “काडू का?”

“मामा, थांबा हो. घाई करू नका.”

घाई करू नका. मीच म्हणाले हे. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोडा मिळून कोणता वायू निघतो, हे समीकरण मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते, आणि तोच हायड्रोजन माझ्या पायाशी फसफसत होता. कळलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा ते उठले तेव्हा मला शंका आली होती. पण पितळ म्हणून बसले होते ना सगळ्यांदेखत. आता ‘काढा’ म्हणायला जीभ वळेना.

काढला तेव्हा तो काळा ठिक्कर होता. मामांनी हौदावर नेऊन पाणी सोडलं. काळं निघून गेलं आणि खाली राखाडी, खड्डे पडलेला पत्रा राहिला. हरणाला तोंड नव्हतं. चार पायांपैकी एकाचा अर्धा उरला होता. अक्षरं विरघळलेल्या साबणासारखी गुळगुळीत. पिवळं जे दिसलं होतं ते धातूवर कंपनीनं दिलेल्या पहिल्या हाताचं होतं, अस्तराच्या रंगाचं. पितळेचा त्यात कणही नव्हता.

मामा त्याच्यावर पाणी सोडतच राहिले. नळाखालची बादली भरून वाहू लागली. मग नळ बंद करून म्हणाले, “बाई, चहा गार झाला तुमचा. दुसरा टाकाय सांगतो.”

सुमनताई बाहेर आल्या, बघून मटकन खाली बसल्या. “आवं, ह्ये काय केलंत?”

“लई येळ ठिवलं म्या. माजीच चूक.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तोंड उघडायला हवं होतं. सुमनताई कपाळावर हात मारून म्हणत होत्या, “बाई एवड्या बसल्यात शेजारी, त्यास्नी तरी इचारायचं!” आणि मी दुसरा कप हातात घेतला. तो चहा मी प्याले, सगळा.

पुढचे पंधरा दिवस मामांच्या नखांत लांबी भरलेली असायची. गाडीच्या पत्र्याचे खड्डे बुजवायला पेंटर वापरतात ती. त्या लांबीनं, आगकाडी आणि शिवणाची सुई घेऊन ते संध्याकाळी अंगणात हरीण उभं करत होते. आठवणीनं. वाळलं की घासायचं, पाय जाड वाटला की मोडायचा, पुन्हा लावायचा. मी नगरहून बारीक ब्रशांचा चांगला संच आणून दिला. त्यांनी तो कपाळाला लावून घेतला. मला तेही सहन झालं नाही. मी चौकशी केली की म्हणायचे, “जमतंय, बाई.” दिसायला खरंच जमलं होतं. लाल जमिनीवर पांढरं शुभ्र हरीण, अक्षरांना काळी रेघ. डोळे असलेल्या कुणालाही फसवलं असतं.

दसऱ्याला मी हरणीतून श्रीगोंद्याला गेले. का गेले? सांगून टाकायचं म्हणून. केबिनमध्ये सुमनताई मधे, मी खिडकीशी, आणि मी वाक्य जुळवत होते. ‘करीमभाई, चूक माझी आहे.’ चारच शब्द. रस्ताभर घोकले.

गल्लीत गाडी शिरली तसे उस्ताद बाहेर आले. किरकोळ म्हातारा, पांढरी दाढी, धुतलेला सदरा. मामांनी उतरून त्यांचे पाय शिवले आणि त्यांचा हात धरून गाडीच्या नाकापाशी नेला. बोटं हरणावर टेकली. तोंडावरून शिंगांकडे गेली, पाठीवरून खाली आली, पायाशी थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मग उस्तादांनी नखानं हळूच टिचकी मारली. लांबीचा तो बसका आवाज मलाही ऐकू आला.

“ह्यो मसाला हाय,” ते म्हणाले. “माजी हरनी कुटंय?”

“खराब झाली उस्ताद. माज्या हातनं. रंग उतरवाया कॉस्टिकमधी घातली, लई येळ राहिली.”

“कुनी सांगितलं हुतं तुला?”

मी तीन हातांवर होते. घोकलेले चार शब्द तयार होते. मामांनी अर्धा क्षण वाट पाहिली. पाहिली, हे मी शपथेवर सांगते.

“कुनी न्हाई,” ते म्हणाले. “माजंच डोकं.”

“घाई केलीस,” उस्ताद म्हणाले. ओरडले नाहीत. मामांनी मान खाली घातली. निवृत्तीला आलेला माणूस, फाळका न लावलेल्या क्लीनरसारखा उभा होता. उस्तादांनी विचारलं, “संगट कोन हाय?”

“आमच्या शाळेच्या बाई. सायन्सच्या.”

“नमस्कार बाई. ह्याला शिकवा जरा.”

“हो,” मी म्हटलं. एवढा एकच शब्द मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले.

जानेवारीत उस्ताद आजारी पडल्याचा निरोप आला. मामांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि जाताना प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे देत म्हणाले, “येता का, बाई? तुमाला भेटून बरं वाटंल त्यास्नी.” दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर माझ्या टेबलावर होते. ते दाखवून मी म्हटलं, “पुढच्या रविवारी नक्की येते.” पेपर होते, खोटं नव्हतं. पण पेपर घेऊनही माणूस एस.टी.त बसू शकतो.

रविवार यायच्या आत उस्ताद गेले. दफन उरकून मामा गुरुवारी कामावर आले. मधली सुट्टी चालू होती, प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. ते परीक्षानळ्या धुऊन उलट्या लावत होते. मी दार लोटलं आणि एकदाचं बोलून टाकलं. पितळ मी म्हणाले, थांबा मी म्हणाले, आणि दसऱ्याला तोंड मी बंद ठेवलं. मी उस्तादांना सांगायला हवं होतं, मामा. मी रडत होते, आणि रडल्यानं थोडं हलकंही वाटत होतं, हे कबूल करते.

मामा नळ्या लावत राहिले. मग म्हणाले, “त्यांनी इचारलं हुतं पुन्यांदा. शेवटच्या दिशी. म्हनले, साळव्या, तू घाई करनारा न्हाईस. खरं सांग, कुनी सांगितलं हुतं?”

“मग?”

“म्या म्हनलं, कुनी न्हाई.”

“आणि ते?”

“त्यास्नी कळलं मी खोटं बोलतोय. तोंड फिरवलं भिताडाकडं. मंग बोललेच न्हाईत.”

मी स्टुलावर बसले. “का नाही सांगितलंत माझं नाव? त्या वेळी तरी सांगायचंत.”

मामांनी शेवटची नळी लावली आणि हात पंचाला पुसले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तुमी न्हवता ना तिथं, बाई,” ते म्हणाले. “मानूस नसताना त्याचं नाव कसं घ्यायचं?”

ते त्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. निरोप समारंभ झाला, हार झाले, फोटो झाले. पण माझ्याकडे मामा शेवटचे आहेत ते त्या गुरुवारचे. सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्यांनी मी लोटलेलं दार उघडलं आणि पोरं आत शिरायच्या आधी, माझ्याकडे पाठ करून, दारात आडवे उभे राहिले. मी डोळे पुसेपर्यंत त्यांनी कुणालाही आत येऊ दिलं नाही.